पंधरा अक्षरं आणि एक पोर्ट

बाईंच्या दुकानातल्या प्रिंटरच्या तब्येतीची जबाबदारी त्या रविवारपासून चिरंजीवांनी घेतली. प्रिंटरने तशी काही मागणी केली नव्हती. बाईंनी तर नव्हतीच नव्हती. पण चिरंजीव आले, आईच्या कॉम्प्युटरपुढे पाऊण तास ठिय्या देऊन बसले आणि उठताना म्हणाले, "देखरेखीचा प्रोग्रॅम टाकलाय. दर तीन मिनिटांनी तो प्रिंटरला विचारेल, कागद आहे का, रिबन बरी आहे का, काही त्रास नाही ना. उत्तर आलं नाही की मला लगेच मोबाइलवर कळेल. तू आता निर्धास्त राहा."

"मी निर्धास्तच होते," बाई म्हणाल्या. "तू यायच्या आधी."

या बाई पाट्या करायच्या. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, 'येथे वाहने लावू नयेत'च्या. लग्न होऊन आल्या तेव्हा सासऱ्यांनी हातात ब्रश दिला, आणि पुढे ब्रशाचे दिवस सरले तेव्हा बाईंनी स्वतः जाऊन कटर आणला. कटर म्हणजे टेबलाएवढं एक यंत्र. त्यात चिकट पाठीच्या रंगीत प्लास्टिकची गुंडाळी लावायची, कॉम्प्युटरवर अक्षरं काढायची, आणि मग यंत्रातली बारीक सुरी ती अक्षरं प्लास्टिकमधून कापून देते. ती सोलायची आणि फळ्यावर चिकटवायची. वयाच्या पन्नाशीत हे सगळं शिकलेली बाई चौसष्टाव्या वर्षी एकदम अडाणी कशी झाली, हे फक्त चिरंजीवांना माहीत. आईने दुकान बंद करावं आणि आपल्या घरी येऊन आराम करावा, हा त्यांनी दोन वर्षं लावलेला धोशा होता. बाईंचं उजवं मनगट दुखतं, हा त्यांचा हुकमी एक्का. मनगट खरंच दुखायचं. पण ते कबूल करणं म्हणजे अर्धं दुकान देऊन टाकण्यासारखं होतं, म्हणून बाई त्या विषयावर ब्र काढत नसत.

सोमवारी सकाळी दहाला चिरंजीवांचा फोन आला.

"आई, समोरच्या डॉक्टरीणबाईंची पाटी तू घेतलीस म्हणे. उद्घाटन आज चार वाजता, आणि काल मी पाहिला तेव्हा तुझा फळा कोराच होता. झेपणार आहे का तुला?"

"न झेपायला काय झालं?"

"नाही झालं तर? त्या बिचाऱ्या बिनपाटीचा दवाखाना उघडणार का?"

बाईंचं डोकं फिरलं. डोकं फिरलं की माणूस नको ते बोलतो. "चार वाजता पाटी भिंतीवर नसेल, तर दुकानाची किल्ली तुझ्या हातात ठेवीन," त्या म्हणाल्या. "मग लाव कुलूप आणि ने मला. ठेव बाल्कनीत, कुंडीशेजारी."

चिरंजीव कंपनीत करारमदार बघायचे. हाती आलेला शब्द ते सहसा खाली पडू देत नसत. "नक्की?" त्यांनी विचारलं.

"नक्की," बाई म्हणाल्या, आणि फोन ठेवल्यावर त्यांना जरा धास्ती वाटली.

तसं काम काही डोंगराएवढं नव्हतं. डॉक्टरीणबाई दातांच्या, वयाने तरुण, पण डोक्याने पक्क्या. पाटीवर स्वतःचं नावसुद्धा नको म्हणाल्या होत्या. "दाढ ठणकत असताना कुणी नावं वाचत बसत नाही, काकू." वरच्या ओळीत 'दातांचा दवाखाना' आणि खालच्या ओळीत 'आधी बोलू मग बघू', एवढंच. मोजून पंधरा अक्षरं. रंग मात्र त्यांच्या खुर्चीला जुळणारा निळाच हवा होता, आणि त्या निळ्याची गुंडाळी बाईंकडे एकच होती. दुसरी बुधवारशिवाय मिळणार नव्हती.

साडेअकराला बाईंनी कटर चालू केला. 'दा' झाला, आणि 'तां' अर्ध्यावर आला असताना सुरी थांबली. जरा वेळ तशीच उभी राहिली. मग एकदम, कुणी हाक मारल्यासारखी, तिरकी धावत पार डाव्या टोकाला गेली. वाटेत तिने दोन्ही अक्षरांचे गळे कापले.

एवढ्या वर्षांत कटरने असलं काही केलं नव्हतं. बाईंनी सुरी पुसली, गुंडाळी सरळ केली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी 'दा' पुरा व्हायच्या आतच सुरी पळाली. गुंडाळीत आता जेमतेम एका पाटीपुरतं निळं उरलं. बाईंनी कटर बंद केला आणि टेस्टरला बोलावणं धाडलं.

टेस्टर म्हणजे चार दुकानं पलीकडे बसणारा दुरुस्तीवाला. पन्नाशीचा गृहस्थ, पण खिशाला कायम टेस्टर लावलेला, त्यामुळे खरं नाव घरच्यांनाही आठवत असेल की नाही कोण जाणे. तो आला, टेबलाखाली शिरला आणि कॉम्प्युटरची पाठ बघून परत बाहेर आला. पाठीला पंचवीस भोकांचं एकच रुंद पोर्ट होतं. त्याला एक दुतोंडी डबी, डबीच्या एका तोंडाला कटर, दुसऱ्याला बिलांचा प्रिंटर. अशी ही जोडणी त्यानेच करून दिलेली होती आणि ती आजवर सुरळीत चालली होती.

"कॉम्प्युटरमध्ये नवीन काही टाकलंत?" त्याने विचारलं.

बाईंनी देखरेखीची हकिकत सांगितली. टेस्टरने कपाळाला हात लावला.

"पोर्ट एक, बाई, आणि मशीनं दोन. प्रत्येक मशीनचा आत एक ड्रायव्हर असतो, म्हणजे त्या मशीनशी बोलणारा प्रोग्रॅम. त्यांच्यात रीत अशी, की पोर्ट मोकळं आहे का ते आधी विचारायचं. मिळालं की धरायचं, आपलं काम उरकायचं आणि सोडून द्यायचं. कटरचा ड्रायव्हर जुना आहे, पण वळणाचा. प्रिंटरचाही तसाच. हा जो नवा आलाय ना, हा कुणाला विचारतच नाही. आत कटर काम करतोय, तर करू दे. हा दार ढकलून आत शिरतो आणि प्रिंटरला म्हणतो, बरा आहेस ना? त्यातलं अर्धंमुर्धं कटरच्या कानावर पडतं. त्याला वाटतं, आपल्यालाच काहीतरी सांगितलं. म्हणून सुरी धावत सुटते."

"म्हणजे माणूस न्हाणीघरात असताना बाहेरून कडी वाजवायची."

"वाजवायची कसली, उघडायचीच."

"कुणावर गेलाय ते कळलं," बाई म्हणाल्या. "काढून टाक त्याला."

टेस्टर काढायला गेला, तर प्रोग्रॅमने पासवर्ड मागितला. तो चिरंजीवांनी घातलेला. टेस्टर म्हणाला, फोन करून विचारा. बाई म्हणाल्या, "मेले तरी विचारणार नाही. 'अडलं ना?' हे ऐकण्यापेक्षा मी भिंतीवर दातांचं चित्र काढून येईन."

मग टेस्टरने प्रिंटरची वायरच उपटली. प्रिंटरच नाही म्हटल्यावर विचारणार कुणाला, असा त्याचा हिशेब. पण देखरेखीला प्रिंटरचं उत्तर मिळेना, तसा तिचा जीव वरखाली होऊ लागला. ती पोर्ट धरून बसली ती सोडेचना. कटरला आत पाऊल टाकता येईना. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, तर सगळ्यांच्या आधी देखरेखच उठून कामाला लागली. टेस्टरने स्वतःचा लॅपटॉप आणला, तर त्याला हे रुंद पोर्टच नव्हतं. या सगळ्या खटपटीत पाऊण तास गेला. तेवढ्या वेळात बाईंचा मोबाइल सात वेळा वाजला, आणि सातही वेळा चिरंजीवांचं नाव दिसलं. बाईंनी तो खणात टाकून खण बंद केला.

"सगळंच पुसून नव्याने भरू का?" टेस्टर म्हणाला. "संध्याकाळी सहापर्यंत होईल."

"चारला किल्ली द्यायची आहे मला."

घड्याळात दोन वाजायला आले होते. बाई स्टुलावर बसून प्रिंटरकडे बघत राहिल्या. खरं तर त्यांना रडू येत होतं, पण टेस्टरसमोर रडायची त्यांची तयारी नव्हती. मग त्यांनीच उठून प्रिंटरची वायर परत जोडली. प्रिंटरवरचा हिरवा दिवा लुकलुकला आणि वीसेक सेकंदांनी स्थिर झाला.

"हे काय झालं?" बाईंनी विचारलं.

"विचारून झालं. आता तीन मिनिटं शांत."

"एक अक्षर कापायला दीड मिनिट लागतं," बाई म्हणाल्या.

"पण तुम्ही अख्खा शब्द एकदम कापता ना. 'दवाखाना'ला सहा मिनिटं लागतात."

"शब्द एकदम का कापते? डोक्यावरच्या रेघेमुळे. रेघेने चारी अक्षरं एकमेकांना बांधलेली असतात." बाई आता कॉम्प्युटरपुढे बसल्याही होत्या. "रेघच काढून टाकते. बोडकी अक्षरं कापायची, एकेक. त्याने विचारलं की एक अक्षर. पुन्हा विचारलं की पुढचं. रेघ शेवटी मी हाताने मारीन. सासरे ब्रशाने तेच करायचे. आधी अक्षरं, मग एका दमात रेघ."

टेस्टरने मनाशी गणित केलं. पंधरा त्रिक पंचेचाळीस. "होईल की," तो म्हणाला, आणि प्रिंटरसमोर खुर्ची ओढून बसला.

मग तो खेळ सुरू झाला. टेस्टर दिव्यावर डोळा ठेवून बसायचा. दिवा लुकलुकून थांबला की म्हणायचा, "गेला." बाई बटण दाबायच्या. सुरी 'दा' कापायची आणि मुकाट आपल्या जागी जाऊन उभी राहायची. मग दोघं हाताची घडी घालून पुढच्या विचारपुशीची वाट बघत बसायचे. मध्ये एक गिऱ्हाईक रबरी शिक्का न्यायला आलं आणि छापील पावतीच हवी म्हणून अडून बसलं. छापायची म्हणजे प्रिंटर पोर्ट धरणार. बाईंनी पावती हाताने लिहिली, वर तोच शिक्का ठोकला आणि म्हणाल्या, "ही घ्या, छापलेली." गिऱ्हाईक गेलं. तोवर टेस्टरने एक संधी हुकवली होती, त्याबद्दल त्याला बोलणी बसली.

दहावं अक्षर चालू असताना दारात चिरंजीव उगवले. टाय मानेमागे गेलेला, श्वास फुललेला.

"आई! तू बरी आहेस ना?"

"गप," बाई म्हणाल्या. "'बो' चाललाय."

"प्रिंटर उत्तर देत नाही म्हणून मला चौदा मेसेज आले. तू फोन उचलत नाहीस. मला वाटलं, तू पडलीस की काय. मीटिंग अर्धी टाकून आलो. साहेबांना सांगितलं, आईला काहीतरी झालंय."

"झालंय खरं. चाळीस वर्षांपूर्वी तू झालास." सुरी जागेवर आल्यावर बाई वळल्या. टेस्टरने थोडक्यात सगळी कर्मकथा चिरंजीवांना सांगितली. ती ऐकता ऐकता चिरंजीवांचा चेहरा उजळला.

"एवढंच ना? मी बंद करतो तो प्रोग्रॅम. दोन मिनिटांचं काम."

"हात लावायचा नाही."

"अगं, पण आता मी आलोय तर..."

"म्हणूनच लावायचा नाही. उद्या नातेवाइकांत सांगत फिरशील, मी पोहोचलो म्हणून आईची पाटी झाली. तिकडे स्टुलावर बस."

टेस्टरने देवाला स्मरल्यासारखे डोळे मिटले, कारण पाच अक्षरं म्हणजे अजून पंधरा मिनिटं होती, आणि पासवर्ड चालत दारात आला होता. पण बोलणार कोण? चिरंजीव बसले. 'लू' झाला, 'म' झाला, 'ग' झाला. मग बाई टेप घेऊन फळ्याची मापं घ्यायला पलीकडे वळल्या, आणि चिरंजीव हळूच उठून कॉम्प्युटरपाशी गेले.

"साहेब, राहू द्या," टेस्टर कुजबुजला. "दोनच अक्षरं उरलीत."

"तिला कळणारही नाही," चिरंजीव कुजबुजले आणि त्यांनी पासवर्ड म्हणून आईचा वाढदिवस टाकला. चुकला. मग त्यांनी तारीख आणि महिना उलटा करून टाकला. तोही चुकला. तिसऱ्यांदा काय टाकलं, ते त्यांनी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. पण त्याबरोबर पडदा लाल झाला, प्रिंटरचा दिवा लुकलुकू लागला तो थांबेचना, आणि चिरंजीवांच्या खिशातला मोबाइल खणखणला. बाईंनी वळून पाहिलं.

"वाच," त्या म्हणाल्या.

चिरंजीवांनी वाचलं. "आपल्या आईच्या दुकानात अनोळखी व्यक्ती कॉम्प्युटर हाताळत आहे. खबरदारी म्हणून पोर्ट उद्यापर्यंत बंद ठेवण्यात येत आहे."

घड्याळात तीनला दहा कमी होती. टेस्टरने उगाच डबीची दोन्ही तोंडं काढून परत लावली. बाईंनी आपल्या मुलाकडे पाहिलं. आता या क्षणी त्या जे बोलतील ते ऐकून घ्यायचं, असं चिरंजीवांनी मनाशी ठरवलंही होतं. पण बाईंनी फक्त टेबलाचा वरचा खण उघडला आणि हातसुरी काढली.

"उरलेलं निळं इकडे दे."

'ब' आणि 'घू'. दोन्ही गोलाईची अक्षरं, आणि दुखऱ्या मनगटाला गोलाईइतकं नकोसं काही नाही. बाईंनी आधी पेन्सिलीने आकार काढला, मग सुरी टेकवली. 'ब'च्या पोटाशी येईपर्यंत हात ठीक चालला. तिथे तो थांबला. बाईंनी हात झटकला, सुरी परत धरली, पुन्हा थांबल्या. चिरंजीव न सांगता पुढे आले आणि दोन्ही तळहातांनी प्लास्टिक दाबून धरलं. इतक्या जवळून आईचा हात त्यांनी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. मनगटाला सूज होती. सुरी मात्र पेन्सिलीवरून केसभरही ढळत नव्हती.

"दुखतंय ना?" त्यांनी विचारलं.

"दुखतंय," बाई म्हणाल्या. "मग?"

चिरंजीवांना दोन वर्षं जे कबूल करून घ्यायचं होतं, ते आईने एका शब्दात कबूल केलं होतं, आणि त्याचा काडीचा उपयोग होत नव्हता. त्यांना वाईट वाटलं आणि लाजही वाटली. ते मुकाट्याने प्लास्टिक धरून राहिले. 'घू'ला पंधरा मिनिटं लागली. मग बाईंनी लोखंडी पट्टी ठेवली आणि दोन्ही ओळींच्या रेघा लागोपाठ कापून काढल्या, शब्दागणिक एक.

पुढचं सगळं तिघांनी मिळून केलं. सोललं, फळ्यावर मांडलं, पुसलं, चिकटवलं. डोक्यावर रेघ बसताच ती बोडकी पंधरा अक्षरं एकमेकांची झाली. कापलेलं कुठलं आणि हाताने काढलेलं कुठलं, हे टेस्टरलाही सांगता आलं नसतं. चारला बारा मिनिटं असताना फळा रस्त्यापलीकडे गेला. दवाखान्यासमोर पाहुणे जमले होते. चिरंजीव शिडी चढायला निघाले, तर बाईंनी त्यांना बाजूला केलं आणि पदर खोचून स्वतः वर गेल्या.

"काकू, तुम्ही कशाला?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"माझी पाटी आहे," बाई वरूनच म्हणाल्या.

खालून टेस्टरने फळा धरला. एक स्क्रू, दुसरा, तिसरा. चारला दोन मिनिटं कमी असताना चौथा बसला आणि पाटी भिंतीवर लागली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. एकाने खालची ओळ मोठ्याने वाचली आणि हसून आपला गाल धरला. चिरंजीव शिडीच्या पायथ्याशी उभे होते. त्यांनी घड्याळ पाहिलं, पाटी पाहिली, मग मान वर केली.

"जिंकलीस," ते म्हणाले. बोलणं मनापासूनचं होतं, आणि त्यात थोडा मोठेपणाही होता. "किल्ली राहू दे तुझ्याकडे."

बाईंचा हात स्क्रूवर थांबला. त्यांनी खाली वाकून बघितलं.

"मी हरले असते तरी माझ्याकडेच राहिली असती."

"असं कसं? सकाळी शब्द दिला होतास."

"दिला होता," बाई म्हणाल्या. "हरले असते तर मोडला असता."

करारमदारांच्या इतक्या वर्षांच्या कामात असं कलम चिरंजीवांनी पाहिलं नव्हतं.

"शिडी नीट धर," बाई म्हणाल्या. "डावीकडून पाटी बोटभर खाली आहे."

चिरंजीवांनी शिडी धरली.